४२.३४ मीटरवरचा आवाज

सरकार आपल्याच नागरिकांवर कशी पाळत ठेवते, हे जगापुढे मांडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनची कहाणी ऑलिव्हर स्टोन यांनी २०१६ साली पडद्यावर आणली. मोठ्या शहरांतील चित्रपटगृहांत ती आपल्याकडेही पाहिली गेली. मराठी वृत्तपत्रांनी अशा माणसांसाठी 'जागल्या' हा गावगाड्यातला शब्द उचलला आणि तो रूढही झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, २१ मार्च २०२४ रोजी, 'ऐ वतन मेरे वतन' हा हिंदी चित्रपट ॲमेझॉन प्राइमवर प्रदर्शित झाला. त्याची नायिका मुंबईची होती. तिची हकीकत १९४२ सालची, तिच्या हातात संगणक नव्हता, होता तो जोडाजोड करून उभारलेला एक ट्रान्समीटर. सरकारने दडवलेले लोकांना सांगायचे आणि सरकारचे कान आपल्यावर रोखलेले आहेत हे माहीत असूनही सांगत राहायचे, एवढेच तिचे काम होते. ते तिने अडीच-तीन महिने केले आणि त्याची किंमत चार वर्षांच्या सक्तमजुरीने चुकवली.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते. त्यामुळे घरात चळवळीला उत्तेजन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही पाच वर्षांच्या उषाने अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पाहिले. पुढे त्यांनी गावाजवळ शिबिर घेतले तेव्हा तिने तिथे सूतही कातले. १९२८ साली सायमन कमिशनविरुद्ध निघालेल्या प्रभातफेरीत आठ वर्षांची ही मुलगी घोषणा देत होती. त्याच सुमाराची एक आठवण त्या पुढे सांगत असत. मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठी चालवली आणि झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासह खाली पडली. मुलांना त्याची चीड आली. मग मोठ्यांनी तिरंगी कापड आणून मुलांना त्याचेच कपडे शिवून दिले. झेंडाच अंगावर चढवल्यावर तो हातातून हिसकावणार कोण? या मुलांची फेरी पुन्हा रस्त्यावर निघाली.

वडील १९३० साली निवृत्त झाले आणि १९३२च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. सरकारी नोकरीचे दडपण उरले नव्हते. पत्रके वाटणे, तुरुंगातल्या कार्यकर्त्यांच्या नातलगांना भेटणे, त्यांचे निरोप पोहोचवणे ही कामे किशोरवयातल्या उषाने अंगावर घेतली. खादी अंगावर आली ती आयुष्यभरासाठी. लग्न करायचे नाही, हेही तिने लवकरच ठरवले. चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातून १९३९ साली तत्त्वज्ञान घेऊन ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला, तोच १९४२ चा ऑगस्ट उजाडला.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला आणि पहाटेपर्यंत गांधीजींसह सगळे प्रमुख नेते अटकेत होते. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या दिवसांत वर्तमानपत्रांचे काय झाले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. युद्धकाळातील भारत संरक्षण नियमांखाली चळवळीच्या बातम्यांवर कडक निर्बंध आले. कोणत्या गावात गोळीबार झाला, किती माणसे पडली, कुठले कारखाने बंद पडले, यांतले फार थोडे छापता येत होते. काही पत्रांनी निषेध म्हणून प्रकाशनच थांबवले. आकाशवाणी तर सरकारचीच होती. लाखो लोकांनी रस्त्यावर यावे अशी हाक दिली गेली होती, पण शेजारच्या जिल्ह्यात काय चालले आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

या कोंडीवर उपाय म्हणून रेडिओची कल्पना पुढे आली. उषा, विठ्ठलदास खाकर ऊर्फ बाबूभाई, चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी ही मंडळी एकत्र आली. बेकायदा रेडिओ केंद्र चालवणे म्हणजे काय, याची त्यांना कल्पना होती. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द करून त्यांची यंत्रे जमा करायला लावली होती. पैशांचा प्रश्न आला तेव्हा नात्यातल्या एका बाईंनी आपले दागिने देऊ केले. ते घेणे या तरुणांना प्रशस्त वाटले नाही. पैसे बाबूभाईंनी उभे केले. यंत्राचे काम नरिमन प्रिंटर या रेडिओतंत्रज्ञाकडे सोपवण्यात आले. काही साहित्य 'शिकागो रेडिओ'च्या नानिक मोटवानींकडून मिळाले. गांधीजींच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत ध्वनिक्षेपकावर जे नाव दिसते, ते याच कंपनीचे.

ऑगस्ट संपायच्या आत 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला. ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानात कुठून तरी, अशी त्याची ओळख दिली जाई. हे 'कुठून तरी' महत्त्वाचे होते. आरंभी 'हिंदोस्ताँ हमारा'ची तबकडी लागे आणि शेवट 'वंदे मातरम्'ने होई. बातम्या आणि भाषणे इंग्रजी व हिंदुस्थानीत असत. मुंबईत असे आणखीही काही तरुण स्वतंत्रपणे खटपट करत होते. डॉ. राममनोहर लोहिया यांना हे कळले आणि त्यांनी या धडपडीला एका सूत्रात आणले. लोहिया, अच्युतराव पटवर्धन, पुरुषोत्तमदास त्रिकमदास हे भूमिगत नेते मजकूर आणि दिशा पुरवू लागले. मोइनुद्दीन हॅरिस आणि कुमी दस्तूर यांचाही त्यात हातभार होता.

बातम्या कुठून येत? काँग्रेसचे भूमिगत कार्यालय मुंबईतच चालत होते आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून निरोपे तिथे पोहोचत होते. त्यांनी आणलेली माहिती रेडिओकडे जाई. चितगावावरील जपानी बॉम्बहल्ला आणि जमशेदपूरच्या कामगारांचा संप या रेडिओने लोकांपर्यंत नेले. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून मोलाची बातमी होती ती आष्टी-चिमूरची.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर या दोन्ही गावांत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला, गावकरी मेले आणि खवळलेल्या जमावाने अधिकाऱ्यांनाही ठार केले. त्यानंतर चिमुरात फौज उतरली. घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. या शेवटच्या गोष्टीची वाच्यता होऊ नये यासाठी सरकारने आपली सगळी ताकद लावली. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी नोव्हेंबरात उपोषण आरंभले. लोकनायक बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि भणसाळी आधी त्यांच्याच दारी दिल्लीला गेले होते. हे उपोषण पुढे ६३ दिवस चालले. त्याच्या बातम्यांवरही बंदी आली. तेव्हा देशातील अनेक वृत्तपत्रांनी जानेवारी १९४३मध्ये एक दिवस अंक न काढता निषेध केला. छापील पत्रांचे हात असे बांधलेले असताना चिमूरच्या स्त्रियांवर काय गुदरले, हे काँग्रेस रेडिओने त्याआधीच हवेत सोडलेले होते. पोलिसांची नजर टाळून वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी चालवलेल्या केंद्राचे याहून मोठे श्रेय दुसरे सांगता येणार नाही.

आता सरकारच्या बाजूकडे पाहू. हा रेडिओ मुंबईच्या पोलिसांच्या आणि युद्धखात्याच्या कानांवर लवकरच पडला. मग रोजचे प्रक्षेपण ऐकून त्याचा शब्दन् शब्द टिपून घेण्याची व्यवस्था झाली. त्याच वेळी शोधक यंत्रे बसवलेल्या गाड्या शहरात फिरू लागल्या. त्यांचे तंत्र फार अवघड नव्हते. वेटोळ्याच्या आकाराची एरियल फिरवत राहिले की एका दिशेला आवाज अगदी क्षीण होतो. त्यावरून लहरी कुठून येतात याची रेषा नकाशावर काढता येते. वेगळ्या ठिकाणाहून दुसरी रेषा काढली की दोन्ही जिथे छेदतात, तो भाग संशयाचा. गिरगाव-वाळकेश्वरसारख्या दाट वस्तीत त्यावरून मोहल्ला कळे, खोली कळत नसे.

रेडिओवाल्यांचे उत्तर होते बिऱ्हाड बदलणे. चौपाटीवरची 'सी व्ह्यू' इमारत, लॅबर्नम रोडवरचा 'अजित व्हिला', सँडहर्स्ट रोडवरचे 'लक्ष्मी भुवन', गिरगावातील 'पारेखवाडी', वाळकेश्वर रोडवरचा 'रतन महल', महालक्ष्मी मंदिराजवळचा 'पॅराडाइज' बंगला... पत्ते बदलत गेले. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कहून निघून रोज चर्नी रोडला उतरणारा आजचा नोकरदार यांतल्या बहुतेक जागांच्या आसपासून पायी जात असतो. एकेकाळी तिथे खिडक्या लावून, दबक्या आवाजात बातम्या वाचल्या गेल्या, याची खूण आता दिसत नाही. पुढे पुढे ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी ठेवण्यात आली. भाषणे एकीकडे तबकडीवर घ्यायची आणि दुसरीकडे नेऊन वाजवायची, म्हणजे एका ठिकाणी छापा पडला तरी सगळेच हाती लागू नयेत.

घात झाला तो यंत्रामुळे नव्हे. ज्या तंत्रज्ञाने ट्रान्समीटर उभा केला, तोच नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडला आणि फुटला.

१२ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी पोलिसांनी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा घातला. उषा तिथेच होत्या. त्या कशाबशा निसटल्या आणि थेट ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या. लोहिया आणि इतर मंडळी तिथे रात्रीच्या कार्यक्रमाच्या तयारीत होती. काय घडले ते त्यांना सांगितले. ते सुटले. आता उषा यांनीही दिसेनासे व्हायला हरकत नव्हती. पण त्या रात्रीचा कार्यक्रम चुकवायचा नाही असे त्यांनी ठरवले आणि चंद्रकांत झवेरींना घेऊन त्या पारेखवाडीत पोहोचल्या. हे शहाणपणाचे होते का, असा प्रश्न चळवळीच्या हिशेबी कार्यकर्त्याने विचारला असता. यंत्र वाचणार नव्हतेच, माणसे वाचली असती. मात्र त्या तिघा-चौघांच्या मनात हिशेब वेगळा होता. रोज ठरल्या वेळी कान लावून बसणाऱ्यांना आवाज ऐकू आलाच पाहिजे, एवढे त्यांनी धरून ठेवले होते.

कार्यक्रम संपत आला होता, 'वंदे मातरम्'ची तबकडी फिरत होती, तेव्हा दारावर धक्के सुरू झाले. एकामागे एक अशी तीन दारे फोडून पोलीस आत आले. तबकडी थांबवण्याचा हुकूम झाला. उषा यांनी तो मानला नाही. ट्रान्समीटर जप्त झाला, त्याबरोबर काँग्रेस अधिवेशनांची छायाचित्रे आणि ध्वनिफिती भरलेल्या २२ पेट्याही गेल्या.

पुढचे सहा महिने चौकशीचे होते. एकांतकोठडी होती, आमिषेही होती. साथीदारांची नावे सांगितली तर परदेशी शिक्षणाची सोय करू, असेही सुचवण्यात आले. कायद्याची विद्यार्थिनी असलेल्या उषा यांनी एकच बाजू धरली: बोलायचे नाही. विशेष न्यायालयात न्या. लोकूर यांच्यापुढे खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे का, एवढे विचारून घेतले आणि ते नाही असे कळल्यावर एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. मे १९४३मध्ये निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवानी निर्दोष सुटले. लोहियांपर्यंत पोहोचायला पोलिसांना मे १९४४ उजाडला, आणि त्यांना ती वाट उषा यांच्या तोंडून मिळाली नव्हती.

येरवड्यात त्यांची प्रकृती ढासळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारांसाठी आणले तेव्हाही खाटेभोवती पोलीस शिपाई बायकांचा रात्रंदिवस पहारा होता. बरे वाटताच पुन्हा येरवडा. १९४६च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांताचे गृहमंत्री झालेल्या मोरारजी देसाई यांनी त्यांच्या सुटकेचा आदेश काढला. त्या बाहेर आल्या त्या खालावलेल्या देहाने. स्वातंत्र्याच्या जल्लोषात फारसा भाग घेण्याची ताकदही त्यांच्यात उरली नव्हती.

त्यांच्या चरित्रात एक पेच आहे आणि चित्रपटाला तो पेलला नाही. उषा मेहता आयुष्यभर गांधीवादी होत्या आणि गांधीजींना गुप्तता मान्य नव्हती. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघड होण्याचा सल्ला दिला होता. सत्याग्रही लपत नाही, शिक्षा टाळत नाही, हे त्यांचे सूत्र होते. गुप्त रेडिओ त्यात कसा बसवायचा? उषा यांनी पुढे ग्रंथ वाचले, शिकवले, प्रबंध लिहिला तो गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवरच. पण आपण केले ते चूक होते असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. उलट तो काळ त्या आयुष्यातला सर्वोत्तम मानत. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदल्या, याचे उत्तर कदाचित त्यांच्या अटकेच्या रात्रीत सापडेल. जागा त्यांनी लपवली, स्वतःला लपवले नाही.

मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या विल्सन कॉलेजात परतल्या आणि सुमारे तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवत राहिल्या. मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख होत्या. १९८० साली निवृत्त झाल्या. गांधी स्मारक निधीचे आणि मणिभवनाचे काम हे नंतरच्या वर्षांचे मुख्य काम होते. मणिभवन लॅबर्नम रोडवरच आहे. ज्या रस्त्यावरच्या 'अजित व्हिला'त त्यांनी चोरून रेडिओ चालवला, तिथेच त्या आता अध्यक्ष म्हणून येऊ-जाऊ लागल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. सत्तेच्या पदांकडे त्या गेल्या नाहीत.

चित्रपट दिग्दर्शक केतन मेहता हे त्यांचे पुतणे. 'सरदार' हा वल्लभभाई पटेलांवरचा चित्रपट त्यांनीच केला. पण आत्याची गोष्ट पडद्यावर आली ती कन्नन अय्यर यांच्या दिग्दर्शनातून. सारा अली खान उषा झाली, इम्रान हाश्मी लोहिया झाले आणि न्यायाधीश वडिलांच्या भूमिकेत मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचे सचिन खेडेकर दिसले. बाबूभाई आणि झवेरी यांच्या जागी मात्र काल्पनिक मित्र आले, प्रेमाचा धागा आला. चित्रपटाला सवलत द्यावी हे खरे. तरीही ज्या बाबूभाईंनी पैसे उभे केले आणि सर्वांत मोठी शिक्षा भोगली, त्यांचे नावच पडद्यावर नसावे, हे खटकते. ज्यांना मूळ हकीकत हवी त्यांच्यासाठी मणिभवनाशी दीर्घकाळ संबंधित असलेल्या उषा ठक्कर यांचे काँग्रेस रेडिओवरचे इंग्रजी पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे.

त्या पुस्तकात प्रक्षेपणांचा मजकूर वाचायला मिळतो आणि तो कसा टिकला, हा या कहाणीतला सर्वांत विलक्षण भाग आहे. चालवणाऱ्यांनी कागद मागे ठेवले नव्हते, ठेवणे शक्यही नव्हते. तो टिकला सरकारी टिपणांत. पाळतीवर बसलेल्या लोकांनी रोज ऐकून, टंकलिखित करून न्यायालयात पुरावा म्हणून जे सादर केले, त्यातूनच चिमूर, चितगाव, जमशेदपूर यांच्याविषयी या रेडिओने काय सांगितले हे आज कळते. आवाज बंद करण्यासाठी नेमलेल्या माणसांनीच तो जपून ठेवला.

पाळतीचे कायदेही टिकले. तारायंत्राचा १८८५ चा कायदा संदेश अडवण्याचा, वाचण्याचा अधिकार सरकारला देत होता. स्वतंत्र भारतात तो तसाच चालू राहिला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यावर काही अटी घातल्या, आणि त्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ साली संसदेने संमत केला. संदेश अडवण्याचा अधिकार त्यातही आहेच.

दरवर्षी ९ ऑगस्टला उषा मेहता ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. गवालिया टँकचेच हे नवे नाव. २००० साली अंगात बरे वाटत नसतानाही त्या गेल्या. घरी परतल्या त्या थकून. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ८०व्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले.